सरकीचा हिशेब

जळगाव-धुळ्याकडच्या वाचकाला जिनिंग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वेचलेला कापूस जिनात जातो, रुई आणि सरकी वेगळी होते; रुईच्या गाठी बांधून त्या गिरण्यांकडे रवाना होतात आणि सरकी मागे राहते. वजनाने पाहिले तर कापसात रुई साधारण एक-तृतीयांश, बाकीची बहुतेक सरकीच. म्हणजे जे गाठीत बांधून दूरदेशी जाते ते थोडे, आणि जे मागे उरते ते पुष्कळ. पण सरकी कुणी उकिरड्यावर टाकत नाही. तिचे तेल निघते, ढेप जनावरांना जाते, आणि विकत घ्यायच्या बियाण्यांची पाकिटे येण्यापूर्वी पुढच्या साली पेरायचे बीही तीच होती.

संगणकाच्या जगातही असा एक जिन आहे. त्याचे नाव ‘स्ट्रिप’. तयार झालेल्या प्रोग्रॅममधून, तो चालण्यासाठी ज्याची गरज नाही ते सगळे काढून टाकणे एवढेच त्याचे काम. हा जिन केव्हा चालवायचा, कुणी चालवायचा, कशावर चालवायचा नाही, आणि निघालेल्या सरकीचे काय करायचे, याविषयी गेल्या पन्नासेक वर्षांत काही संकेत रूढ झाले. प्रोग्रॅमची पॅकेजे बांधणाऱ्यांच्या फाइलींत ते दोन-चार ओळींत लिहिलेले असतात आणि साहित्याच्या माणसाने त्यांच्याकडे पाहावे असे वरवर काहीच कारण नाही. तरीही ते इथे मांडावेसे वाटतात, कारण ज्या प्रश्नाभोवती ते घडले तो प्रश्न आपलाच आहे. संहिता वाचकाच्या हाती देताना तिच्यासोबतचे काय ठेवायचे, काय गाळायचे, आणि गाळलेले कुठे ठेवायचे? या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण १९०९ साली धुळ्यात घडलेले आहे. त्याकडे आम्ही शेवटी येऊ. तोवर वाचकांनी थोडा धीर धरावा.

प्रोग्रॅम लिहिणारा जे लिहितो ते माणसाला वाचता येईल असेच असते. त्यात प्रत्येक कृतीला नाव असते, प्रत्येक साठवणीच्या जागेला नाव असते, मधूनमधून लेखकाने स्वतःसाठी केलेल्या टीपाही असतात. कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम या लेखनाचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करतो. यंत्राला नावांशी कर्तव्य नसते. ‘अमुक ठिकाणी उडी मार’ एवढे त्याला पुरते. त्या ठिकाणाला लेखक काय म्हणत होता हे त्याने जाणून घेण्याचे कारण नाही. पण कंपायलर ती नावे लगेच फेकून देत नाही. तो तयार आकड्यांच्या मागे एक नामसूची जोडून ठेवतो, म्हणजे कोणत्या पत्त्यावर कोणत्या नावाची वस्तू आहे त्याची यादी. ‘जी’ हा पर्याय देऊन सांगितले तर तो त्याहून पुष्कळ सविस्तर टिपणही सोबत देतो. यंत्राची ही आज्ञा कोणत्या फाइलीतल्या कितव्या ओळीतून निघाली, इतके त्यात असते. आपल्या परिभाषेत बोलायचे तर प्रत्येक शब्दापाशी पोथीचे पान, ओवीचा क्रमांक आणि लेखनिकाचे नाव. हे टिपण मूळ प्रोग्रॅमहून कित्येक पटींनी जाड होऊ शकते.

प्रोग्रॅम सुरळीत चालत असेल तर या साऱ्याचा काही उपयोग नाही. तो कोसळला की उपयोग कळतो. नावे शाबूत असतील तर शोध घेणाऱ्याला कळते की अमुक कृतीने तमुक कृतीला बोलावले आणि तिथे, या फाइलीच्या या ओळीवर, घात झाला. नावे पुसलेली असतील तर पडद्यावर केवळ आकड्यांची रांग आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्हे. ज्यांनी एखाद्या मराठी पीडीएफमधला उतारा उचलून आपल्या लेखात चिकटवण्याचा प्रयत्न केला असेल, त्यांना हा अनुभव वेगळ्या रूपात आलेला असेल. पडद्यावर अक्षरे सुबक दिसतात, चिकटवताच चिन्हांचा खच पडतो. पुष्कळदा त्याचे कारण असे की फाइलीत अक्षरांचे आकार राहिलेले असतात, पण कोणता आकार कोणत्या अक्षराचा, ही नोंद गळलेली असते. नुसते वाचायचे तर काही अडत नाही; शोधायला किंवा उद्धृत करायला गेले की अडते.

स्ट्रिपचा जन्म काटकसरीतून झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स या प्रणालीच्या पहिल्या पुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि त्या पुस्तिकेत स्ट्रिप आहे. ज्या पीडीपी-११/२० यंत्रावर ती प्रणाली वाढत होती त्याची स्मृती २४ किलोबाइट होती आणि त्यातल्या १६ किलोबाइट प्रणालीनेच अडवलेल्या होत्या. तबकडीची जागा ५१२ किलोबाइट. आजच्या मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही त्या तबकडीत मावला नसता. अशा घरात नामसूच्या जपून ठेवणे म्हणजे एका खोलीच्या बिऱ्हाडात पाहुण्यांच्या गाद्या रचून ठेवण्यासारखे. तेव्हा त्या काढून टाकण्याची सोय झाली यात नवल नाही.

नवल त्या नोंदीला जोडलेल्या एका अटीचे आहे. प्रोग्रॅममधले दोष काढून झाल्यानंतर जागा वाचवण्यासाठी हे उपयोगी पडते, अशा अर्थाचे वाक्य तिथे आहे. दोष काढून झाल्यानंतर! ग्रंथ शुद्ध झाला, आता पाठभेदांचे कागद जाळायला हरकत नाही, असे म्हणणाऱ्या संपादकाचा आत्मविश्वास या तीन शब्दांत आहे. पुढची तीस वर्षे हा संकेत पाळला गेला तो असा की अट विसरली गेली आणि कृती तेवढी उरली.

ती विसरायला बांधणीच्या फाइलींनी मोठी मदत केली. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेतच ‘मेक’ हा प्रोग्रॅम रचला. कोणती फाइल कशापासून आणि कशी तयार होते याचे नियम एका ‘मेकफाइल’मध्ये लिहून ठेवायचे आणि बाकीचे मेकवर सोपवायचे, अशी त्याची रीत. त्यात तयार प्रोग्रॅम योग्य जागी नेऊन ठेवण्याचा, म्हणजे ‘इन्स्टॉल’चा, नियमही आला. बर्कलीच्या विद्यापीठातून १९८३ मध्ये निघालेल्या युनिक्सच्या ४.२ या आवृत्तीत तर ‘इन्स्टॉल’ ही स्वतंत्र आज्ञाच अवतरली. फाइल नेऊन ठेवणे, तिचा मालक ठरवणे आणि तिचे परवाने ठरवणे ही तिची कामे. आणि ‘एस’ हा पर्याय जोडला की जाता जाता स्ट्रिपही करणे. एका अक्षराची सोय. तोवर स्ट्रिप ही विचारपूर्वक करायची वेगळी कृती होती, आता ती नेऊन ठेवण्याच्या कृतीत विरघळली. मेकफाइल लिहिणाऱ्याने एकदा ‘एस’ लिहून ठेवला की पुढे जो कुणी तो प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर बसवील त्याच्या पदरात नावे पुसलेलीच प्रत पडे. नावे असलेली प्रत बांधणीच्या तात्पुरत्या फोल्डरात राही, आणि तो फोल्डर काम संपताच पुसला जाई.

या सोयीचे तोटे हळूहळू दिसू लागले. एक अगदी साधा. प्रत्येक प्रोग्रॅम आकड्यांचा नसतो. काही नुसत्या मजकुराच्या फाइली असतात, ज्यांना स्क्रिप्ट म्हणतात. तिच्यावर स्ट्रिप चालवला तर तो ‘हे मला ओळखता येत नाही’ म्हणून थांबतो आणि सगळी बांधणी अडते. म्हणून मेकफाइलींत प्रोग्रॅम बसवण्यासाठी एक शब्द आणि स्क्रिप्ट बसवण्यासाठी दुसरा, अशी विभागणी रूढ झाली. फ्रीबीएसडीच्या ‘पोर्ट्स’मध्ये हा भेद आजही काटेकोरपणे पाळतात. पहिला शब्द वापरला की बसवणे आणि पुसणे एकदमच होते, दुसरा वापरला की नुसते बसवणे. आणि त्यांची मार्गदर्शिका सांगते की गरज नसताना हाताने स्ट्रिप करत बसू नका. दुसरा तोटा परक्या यंत्रांचा. एका जातीच्या यंत्रावर बसून दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम बांधता येतो. पण घरच्या स्ट्रिपला परक्या यंत्राची लिपी कळेलच असे नाही. मेकफाइलीत ‘एस’ ठोकून बसवलेला असेल तर अशा वेळी घरचाच स्ट्रिप धावतो आणि सगळे बिघडवतो. तेव्हा कोणता स्ट्रिप वापरायचा हे बाहेरून सांगता यावे, असा संकेत पडला. मोडी न येणाऱ्याच्या हाती मोडी दप्तर साफ करायला देऊ नये, इतकी ही उघड गोष्ट. पण ती नियमात लिहावी लागली.

ग्नू प्रकल्पाच्या लेखनसंकेतांत या बाबतीतला विचार पहिल्यांदा नीट मांडलेला दिसतो. त्यांनी ‘इन्स्टॉल’ आणि ‘इन्स्टॉल-स्ट्रिप’ अशी दोन वेगळी लक्ष्ये ठेवली, म्हणजे नावे पुसायची की नाही हे बसवणाऱ्याने ठरवायचे, लिहिणाऱ्याने नव्हे. वर असेही बजावले की प्रोग्रॅममध्ये दोष नाहीत याची खात्री असल्याखेरीज नावे पुसण्याची शिफारस आम्ही करत नाही. मात्र वापरासाठी पुसलेली प्रत बसवून, न पुसलेली प्रत दुसरीकडे जपून ठेवणे रास्त ठरू शकते. या शेवटच्या उपवाक्याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. तिथे रुई आणि सरकी या दोहोंची सोय एका दमात सांगितली आहे. पण ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे, आणि ती प्रत पुढे सापडणार कशी, याचे उत्तर त्या वेळी कुणाकडेच नव्हते.

मग लिनक्सच्या वितरणांचा काळ आला. वितरण म्हणजे शेकडो, पुढे हजारो प्रोग्रॅमांची एकत्र बांधलेली मालिका. ग्रंथमाला म्हणा हवे तर. ग्रंथमालेला शैलीपुस्तिका लागते तशी वितरणालाही लागते. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियनची ‘पॉलिसी’ हे अशा शैलीपुस्तिकेचे उत्तम उदाहरण आहे. वितरणे फ्लॉपींवरून आणि मंद टेलिफोन तारांवरून पोचवण्याचे ते दिवस, तेव्हा प्रत्येक प्रोग्रॅम स्ट्रिप केलेलाच असावा हा दंडक होता. पण त्यातही तारतम्य होते. दुसऱ्या प्रोग्रॅमांत जोडली जाणारी ग्रंथालये नावांवाचून निरुपयोगी होतात, कारण जोडणारा त्यांना नावानेच हाक मारतो. म्हणून त्यांतून केवळ दोषशोधाचे टिपण काढायचे, नावे काढायची नाहीत. प्रणालीच्या गाभ्याला जोडल्या जाणाऱ्या तुकड्यांचेही तसेच. पुढे असाही संकेत आला की बांधताना ‘जी’ हा पर्याय नेहमी द्यावा, म्हणजे पूर्ण टिपणासह बांधावे, आणि मगच पुसावे. ज्याला पुसायचे नसेल त्याने ‘नोस्ट्रिप’ एवढा शब्द बाहेरून सांगावा आणि मेकफाइलीने तो मानावा. आधी पूर्ण लिहा, मग गाळा, आणि न गाळण्याचा मार्ग उघडा ठेवा. संपादनाच्या वर्गात शिकवण्याजोगा हा क्रम आहे.

१९९७ मध्ये जोई हेस यांनी डेबियनसाठी ‘डेबहेल्पर’ ही हत्यारांची पेटी बनवली आणि तिच्यातल्या ‘डीएच-स्ट्रिप’ने हे सारे तारतम्य स्वतःकडे घेतले. इतर वितरणांनी आपापल्या रीती पाडल्या, त्यांत फार रेंगाळण्याचे कारण नाही. स्लॅकवेअरच्या बांधणी-फाइलीत एक लांबलचक ओळ असते, जी सगळ्या फाइली धुंडाळून त्यांतल्या यंत्रलिपीतल्या तेवढ्या निवडते आणि पुसते, आर्चमध्ये ‘स्ट्रिप’च्या आधी उद्गारचिन्ह घातले की पुसणे थांबते, जेंटूमध्ये पॅकेज लिहिणारा ‘मना’ म्हणू शकतो आणि वापरणाराही. ‘फाइल’ नावाची एक जुनी आज्ञा तर कोणत्याही प्रोग्रॅमकडे पाहून तो ‘स्ट्रिप्ड’ आहे की ‘नॉट स्ट्रिप्ड’ हे शेवटच्या शब्दात सांगते. पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे ‘टीपा वगळून’ असे प्रामाणिकपणे छापण्याची चाल आपल्याकडे असती तर किती बरे झाले असते, असे आम्हांला अनेकदा वाटून गेले आहे.

या तारतम्यात एक अपवाद विशेष बोलका आहे. ओकॅमल या भाषेत प्रोग्रॅम बांधण्याच्या एका पद्धतीत खरा प्रोग्रॅम यंत्रलिपीच्या फाइलीच्या शेपटीला जोडलेला असतो. स्ट्रिपच्या दृष्टीने फाइल वर संपलेली. खालचे शेपूट म्हणजे कुणीतरी मागाहून चिकटवलेला कचरा. तो ते कापतो. उरलेली फाइल शुद्ध, आटोपशीर आणि मृत. असल्या फाइलींना हात लावू नये असा डेबियनमध्ये संकेतच आहे. प्रक्षिप्त म्हणून कापलेल्या भागातच ग्रंथाचा जीव होता, असा प्रसंग पोथ्यांच्या जगात अशक्य आहे असे कुणी छातीठोकपणे म्हणेल काय?

जागेखेरीज पुसण्याचे आणखीही एक कारण होते आणि ते तितकेसे निर्मळ नव्हते. नावे काढली की प्रोग्रॅम कसा रचला आहे हे परक्याला उलगडणे अवघड होते. ज्यांना आपली विद्या झाकून विकायची होती त्यांना हे हवेच होते. मुक्त प्रोग्रॅमांच्या जगात मूळ लेखनच खुले असल्यामुळे हे कारण लागू नव्हते, तरी तिथेही पुसण्याची चाल इतकी वर्षे टिकली ती केवळ सवयीने आणि जागेच्या धाकाने.

पालट झाला तो २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. रेडहॅटच्या आणि त्यातून निघालेल्या फेडोराच्या वितरणात प्रत्येक पॅकेजाबरोबर ‘डीबगइन्फो’ नावाचे जोडपॅकेज आपोआप तयार होऊ लागले. प्रोग्रॅममधून काढलेले टिपण फेकायचे नाही, त्याची वेगळी फाइल करायची आणि मागेल त्याला द्यायची. वाचकाच्या हाती हलकी प्रत, अभ्यासकासाठी टीपाखंड. आणि मग बांधणी-फाइली लिहिणाऱ्यांची एक गमतीदार पंचाईत झाली. पूर्वसुरींनी मेकफाइलींत पेरून ठेवलेले ‘एस’ आता आडवे येऊ लागले. मूळ मेकफाइलच जर बसवता बसवता पुसत असेल, तर वितरणाच्या यंत्रणेला काढायला काही उरतच नाही आणि टीपाखंड कोरा निघतो. फेडोराच्या मार्गदर्शिकेत पॅकेज बांधणाऱ्याला सांगावे लागले की आपला टीपाखंड रिकामा नाही ना हे तपासा, आणि असेल तर मूळ मेकफाइल दुरुस्त करा. ज्या कृतीला एके काळी नीटनेटकेपणा म्हणत तीच आता खोडण्याजोगी चूक ठरली. डेबियनमध्ये असे टीपाखंड सरसकट आपोआप निघू लागायला २०१५ चा अखेर उजाडावा लागला.

आता राहिला तो ‘सापडणार कसे’ हा प्रश्न. प्रोग्रॅम एक, त्याच्या आवृत्त्या अनेक. एकाच आवृत्तीच्या वेगवेगळ्या वेळी केलेल्या बांधण्याही वेगळ्या. टीपाखंड दुसऱ्याच बांधणीचा असेल तर तो नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे, कारण तो आत्मविश्वासाने चुकीची ओळ दाखवतो. सुरुवातीला फाइलीचे नाव आणि एक पडताळा-अंक यांवर भागवले जाई. २००७ मध्ये फेडोराच्या आठव्या आवृत्तीत रोलंड मॅकग्रा यांनी पुढे आणलेली ‘बिल्ड-आयडी’ची पद्धत आली. बांधणीच्या क्षणी तिच्या आशयावरून एक ठसा काढायचा, बहुधा चाळीस अक्षरांचा, आणि तो प्रोग्रॅममध्ये व टीपाखंडात दोहोंत उमटवायचा. पुढे कितीही पुसा, हा ठसा पुसला जात नाही. २०१९ पासून तर असे सेवक-यंत्र उपलब्ध आहे की त्याला हा ठसा सांगितला की तो नेमक्या त्याच बांधणीचे टिपण तारेवरून धाडतो. सरकी गावातच राहिली, पण प्रत्येक गाठीवर तिच्या सरकीची खूण आली. १९७१ पासून इथवर यायला छत्तीस वर्षे लागली आणि त्यातली बरीचशी तंत्रज्ञानाच्या उणिवेमुळे लागली असे आम्हांला वाटत नाही. काढलेली वस्तू ही टाकायची वस्तू नव्हे, हे कळायलाच तेवढा वेळ गेला.

आता धुळ्याकडे वळू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा अखेरचा काळ धुळ्यात गेला आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तिथेच वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. पण त्यांचा धुळ्याशी संबंध त्याआधीचा. त्यांनी संपादिलेली ज्ञानेश्वरी आणि ‘ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण’ ही दोन्ही १९०९ साली धुळ्यात छापून निघाली.

तो प्रयत्न कशासाठी होता हे समजायला आणखी सव्वातीनशे वर्षे मागे जावे लागते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. पाठांतरांनी ग्रंथ बिघडला होता, तो त्यांनी प्रती ताडून नीट केला आणि यापुढे कुणी त्यात भर घालू नये असे बजावले. मराठीतले ग्रंथसंपादनाचे हे आद्य कार्य; त्याचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. पण इतके तर म्हटलेच पाहिजे की कोणत्या प्रती पाहिल्या, कुठे काय होते आणि काय पत्करले, याची नोंद मागे राहिली नाही. राहावी अशी त्या काळी रीतच नव्हती. निर्वाळा मिळाला, पुरावा पुसला गेला. संप्रदायाला हवी होती ती पाठ करण्याजोगी निर्दोष प्रत, आणि ती मिळाली.

राजवाड्यांना त्या पुसण्याच्या अलीकडे जायचे होते. मराठवाड्यात त्यांना एक पोथी मिळाली. ती एकनाथांच्या आधीची, मुकुंदराजाच्या परंपरेतली आणि ज्ञानेश्वरांच्या काळाच्या अगदी निकटची असा त्यांचा ठाम समज झाला. तिच्यातली जुनी रूपे त्यांनी जशीच्या तशी छापली. ही निष्ठा त्यांच्या साऱ्या कामात आहे. १८९८ पासून निघालेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड उघडून पाहावेत. पत्र कुणाचे, कुणाला, कोणत्या दप्तरातले, हे सांगायचे, आणि पत्र मुळाबरहुकूम द्यायचे. साधने आधी, इतिहास नंतर, हा त्यांचा आग्रह होता. नावे पुसलेली प्रत त्यांना कधी मानवलीच नसती.

आणि नेमकी त्यांच्याच ज्ञानेश्वरीची मूळ पोथी नाहीशी झाली. ती पुढच्या अभ्यासकांना पाहायला मिळालेली नाही. तिच्याविषयी आख्यायिका आहेत, राजवाड्यांच्या संतापाशी तिचा शेवट जोडणारीही एक ऐकू येते. त्यांत आम्ही शिरत नाही. परिणाम मात्र निश्चित आहे. पोथी खरेच किती जुनी, अमुक रूप पोथीतले की वाचनाच्या ओघात आलेले, लेखनिकाचा हात एक की दोन, यांपैकी कशाचाही निर्णय पोथी समोर ठेवून करता येत नाही. तिच्या प्राचीनत्वाविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या, त्यांना उत्तरही तिच्यावाचूनच द्यावे लागले. तरी १९६० मध्ये सरकारने ज्ञानेश्वरीची संशोधित आवृत्ती काढली तेव्हा आधाराला राजवाडे संहिताच घेतली. आज विद्यापीठांतून ज्ञानेश्वरीच्या भाषेवर लिहिले जाते त्यातले बरेच या छापील संहितेवर उभे आहे. प्रोग्रॅम चालतो आहे, टीपाखंड नाही, आणि ठसा जुळवून पाहायला दुसरी प्रतही नाही.

याच धुळ्यात, याच वर्षांच्या आसपास, उलटे उदाहरणही आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९०५ मध्ये दासबोध प्रसिद्ध केला तो डोमगावच्या मठातल्या, कल्याणस्वामींच्या हातची मानलेल्या प्रतीवरून. प्रत कोणती, कुठली, कुणाच्या ताब्यातली हे उघड होते. शंका आली तर जायचे कुठे हे वाचकाला ठाऊक होते. देवांपाशी राजवाड्यांची विद्वत्ता नव्हती असे कुणी म्हणेल. पण त्यांच्या गाठीवर खूण होती.

जळगावच्या आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणीही आमच्या मनात येऊन जातात. लिहिता न येणाऱ्या बाईने म्हणायची, सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी उतरून घ्यायची, आणि ती गेल्यावर, १९५२ मध्ये, अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांचे पुस्तक व्हायचे. जात्याची घरघर, चाल, गाणे सुचले तो दिवस, ऐकायला बसलेली माणसे, हे कागदावर येण्याच्या क्षणीच गळाले. इथे गाळण्याचा दोष कुणाकडेच जात नाही. लेखणीच तशी असते. फरक एवढाच की कुणी उतरून घेतले ते आपल्याला नावानिशी ठाऊक आहे.

राजवाड्यांच्या पोथीचे मात्र सगळेच गेले असे नाही. १९०९ चे ते व्याकरण उघडले की नामांची, सर्वनामांची, क्रियापदांची रूपे एकामागून एक नोंदलेली दिसतात, आणि ती नोंदणाऱ्याच्या समोर पोथी होती. संहितेतल्या एखाद्या रूपाविषयी शंका आली की विद्यार्थ्याने आजही तेच पुस्तक काढावे. ते वेगळे छापलेले आहे, वेगळ्या बांधणीत आहे, आणि पुष्कळ ग्रंथालयांत ते ज्ञानेश्वरीशेजारी नसून व्याकरणाच्या कपाटात असते.